मुलांना समुद्र शिकवायचाय? मेजरिंग टेप आणि खडू घ्या

उपनगरातल्या सहा-सात वर्षांच्या कुठल्याही मुलाला समुद्राचं चित्र काढायला सांगा. तळाशी पिवळी वाळू, मधोमध नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचा मासा, कोपऱ्यात हसरा ऑक्टोपस आणि वर पाण्याची नागमोडी रेघ. हा समुद्र ‘फाइंडिंग निमो’मधून आलेला असतो, म्हणजे थेट ऑस्ट्रेलियाच्या प्रवाळांतून. अंधेरीच्या मुलाला वर्सोव्याच्या कोळीवाड्यात बांबूंवर वाळणारे बोंबील आठवत नाहीत आणि मुलुंडच्या मुलीला ठाणे खाडीच्या चिखलात उड्या मारणारी निवटी ठाऊकच नसते. यात पोरांचा दोष नाही. पुस्तकांत, डब्यांवर, दप्तरांवर आपण त्यांना जो समुद्र दाखवला, तोच ती काढतात.

खडू इथे कामाला येतो, आणि तो स्वस्त आहे किंवा पुसता येतो एवढंच त्याचं कारण नाही. कागदावर बांगडा आणि देवमासा दोघेही वीतभरच होतात. जमिनीवर तसं करायची गरज नाही. म्हणून माझे आग्रह दोनच: प्राणी आपल्या किनाऱ्यावरचा हवा आणि तो खऱ्या मापाचा हवा. बाकी रंग चुकले, रेघ वाकडी गेली, डोळा भलतीकडे आला, तरी चालेल.

सुरुवात मोठ्यापासून करा. जानेवारी २०१६मध्ये जुहूच्या किनाऱ्यावर एक मेलेला ब्रायडीज जातीचा देवमासा वाहून आला होता, तीस-पस्तीस फुटी. बघायला अर्धी मुंबई लोटली होती. आजच्या शाळकरी मुलांना ती गोष्ट माहीत नाही, पण त्यांचे आईवडील कदाचित त्या गर्दीत असतील. सोसायटीच्या आवारात पस्तीस फूट म्हणजे एकामागे एक लावलेल्या जवळजवळ तीन छोट्या गाड्या. रविवारी दुपारी चार ते सहा या वेळात तेवढी जागा मोकळी करून मिळेल का, हे सेक्रेटरींना आधीच विचारून ठेवा. वॉचमनकाकांनाही सांगा, नाहीतर अर्ध्या देवमाशावर कुणाची तरी गाडी येऊन उभी राहील.

टेप दोन मुलांच्या हातात द्या. एक नाकाशी, एक शेपटीशी. दोघांमध्ये एक सरळ रेघ आखून तिच्यावर दर पाच फुटांना खूण करा. आता देवमासा बाजूने काढायचा मोह होईल, तो टाळा आणि वरून दिसतो तसा काढा. माशाची शेपटी उभी असते आणि ती डावी-उजवीकडे हलते. देवमाशाची शेपटी आडवी असते, वर-खाली हलते. बाजूने काढलात तर ही शेपटी नुसती पातळ पट्टी दिसेल आणि मुख्य फरकच हरवेल. वरून काढलीत की तिचे दोन पंखे जमिनीवर पूर्ण पसरतात, अंगाच्या लांबीच्या साधारण पाव भागाएवढे. सर्वांत रुंद भाग पाच-सहा फुटांचा ठेवा. डोक्यावर लांबट तीन कंगोरे काढा, ही या जातीची ओळख. त्यामागे शेजारी शेजारी दोन नाकपुड्या. इथे थांबून विचारा, “माशाला नाक लागतं का?” कुणीतरी कल्ले म्हणेल, कुणीतरी गप्प बसेल. पाण्यात राहूनही हा प्राणी हवा घ्यायला वर येतो, पिल्लाला दूध पाजतो आणि त्याच्या तोंडात दातांऐवजी गाळणीसारखी झालर असते, हे सगळं त्या दोन नाकपुड्यांवरून निघतं. वेगळा धडा घ्यावा लागत नाही. चित्र झालं की मुलांना त्यात डोक्याला पाय लावून झोपू द्या आणि किती मावतात ते मोजू द्या.

मग एकदम उलट टोक. मार्च २०१८मध्ये वर्सोव्याच्या वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवाची ऐंशीएक पिल्लं निघून समुद्रात गेली. वकील अफरोझ शहा आणि त्यांच्यासोबतच्या स्वयंसेवकांनी २०१५पासून हा किनारा साफ करायला घेतला होता, त्यानंतरची ही गोष्ट. पिल्लाची पाठ जेमतेम चार सेंटिमीटर, मोठ्या मादीची दोन फुटांच्या वर. देवमाशाच्या शेजारीच ही मादी काढा आणि तिच्यामागे वाळूतलं घरटं म्हणून एक वर्तुळ. त्यात मुलांनी शंभर अंडी ठिपक्यांनी भरायची, कारण एका घरट्यात साधारण तेवढी असतात. शंभर ठिपके मोजून काढताना पाच वर्षांचं पोरही कंटाळत नाही, उलट कुणी दोनदा मोजलं यावरून भांडण होतं. घरट्यापासून पाण्याच्या रेघेपर्यंत वाट आखून तिच्यावर कावळा, कुत्रा, खेकडा, हॉटेलचा दिवा आणि प्लॅस्टिकची पिशवी काढा. दिवा कशासाठी, हे मुलं विचारतीलच. पिल्लं उजेडाच्या दिशेने चालतात, समुद्रावरचा उजेड समजून रस्त्याकडे वळतात. हजार पिल्लांतून एखाद-दुसरंच मोठं होतं असा अंदाज सांगितला जातो. आकडा सांगून सोडू नका. त्या वाटेवरून मुलांना लंगडी घालत जाऊ द्या, पाय ज्या चित्रावर पडेल तो बाद. किती जण पाण्यापर्यंत पोचले हे ती मग आपणच सांगतात.

मासे शिकवायचे तर खडूआधी बाजार. बोरिवली असो की अंधेरी, मासळीबाजारात सकाळी मुलाला घेऊन जा आणि मावशींना सांगा की आज पोराला मासे बघायचे आहेत. घ्यायचंही थोडं ठेवा, नुसतं बघायला जाणाऱ्यांना कुणी रिकामा वेळ देत नाही. मुलाला प्रश्न एकच द्या: तोंड कुठे आहे आणि केवढं आहे? बोंबलाचं अंग लिबलिबीत, पण जबडा अंगाच्या मानाने मोठा आणि आत बारीक दातांची रांग, कारण तो जवळा आणि लहान मासे गिळतो. पापलेटचं तोंड इवलंसं, त्याचं खाणंही बारीकसारीक. पाकटाचं तोंड तर पोटाकडे, कारण ते तळाशी वाळूत चरतं. तोंड बघितलं की मासा राहतो कुठे आणि खातो काय, हे निम्मं कळलं. घरी येऊन तीन मासे खडूने काढायला सांगा आणि फक्त तोंडाची जागा तपासा. पापलेटला पोटाखालचे पर नसतात, हे एखाद्या चौकस पोराच्या आपणहून लक्षात येतं, तेव्हा त्याला शाबासकी द्या आणि हेही सांगा की चंदेरी पापलेट २०२३पासून महाराष्ट्राचा राज्यमासा आहे.

रंगवताना एक युक्ती सांगतो. बांगडा, सुरमई, पापलेट, सगळ्यांची पाठ गडद आणि पोट पांढुरकं असतं. वरून बघणाऱ्या पक्ष्याला गडद पाठ पाण्यात दिसत नाही, खालून बघणाऱ्या शिकाऱ्याला पांढरं पोट आभाळाच्या उजेडात विरतं. डांबरावर किंवा काळ्या फरशीवर काढत असाल तर पाठ रंगवूच नका, जमिनीचाच रंग राहू द्या. पांढरा खडू आडवा धरून फक्त पोट घासा आणि वर जाताना हात हलका करत न्या. चित्र झाल्यावर चार पावलं मागे जाऊन बघितलं की माशाची पाठ खरंच जमिनीत हरवते. लपणं म्हणजे काय, हे याहून सोपं करून मला तरी सांगता आलेलं नाही.

आता एक नाजूक गोष्ट. घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीच्या अनेक सोसायट्यांत मासळी हा शब्दही जपून काढावा लागतो. तिथे बाजाराचा हट्ट धरू नका, वाद घालत बसायला रविवार फार लहान असतो. अशा ठिकाणी खाडी काढा. घाटकोपर-मुलुंडच्या लोकांना समुद्र म्हटलं की जुहू आठवतं, पण त्यांचा खरा शेजारी ठाणे खाडी आहे. तिच्या पश्चिम काठावर २०१५मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झालं आणि २०२२मध्ये त्याला रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला. मुलुंडहून ऐरोलीचा पूल ओलांडला की वनखात्याच्या कांदळवन कक्षाचं किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्र लागतं. थंडीपासून मेपर्यंतच्या हंगामात तिथून फ्लेमिंगो बघायला बोटी सुटतात. वेळ आणि आरक्षण आधी विचारून जा, बोट भरतीवर अवलंबून असते.

फ्लेमिंगो खऱ्या मापाचा काढायला फार मजेचा. मोठ्या जातीचा फ्लेमिंगो उभा राहिला की चार-साडेचार फूट भरतो, म्हणजे तिसरी-चौथीतल्या मुलाएवढा. मुलाला जमिनीवर झोपवून त्याच्या उंचीची खूण करा आणि शेजारी पक्षी काढा. निम्मे पाय. चोच मधोमध वाकलेली, कारण हा पक्षी डोकं उलटं करून चिखलपाणी गाळतो. गुलाबी खडू देण्याआधी सांगा की पिल्लू राखाडी असतं आणि गुलाबीपणा खाण्यातून, शेवाळं आणि बारीक कोळंबीवर्गी जिवांतून येतो. त्यामुळे एक पिल्लूही काढा, राखाडीसाठी कोळशाचा तुकडा चालतो. पायाखाली निवट्या काढा. ही मासळी परांवर रेटा देत चिखलावर चालते आणि त्वचा ओली असेतोवर पाण्याबाहेर श्वास घेते. बाजूला एक नांगी भलीमोठी असलेला नर खेकडा. अगदी लहानांना तिवराची श्वसनमुळं द्या. चिखलातून बोटभर उंचीच्या उभ्या रेघा शेकड्यांनी वर आलेल्या असतात. तीन वर्षांच्या मुलाला उभ्या रेघाच जमतात, त्यामुळे त्याचं काम चित्रात नुसतं खपत नाही, बरोबरही असतं.

आजी घरात असेल तर तिला खाली बोलवा. चैत्रांगणात शंख आणि कासव काढायची आपल्याकडे जुनी रीत आहे, तिच्या हाताला ते आकार ठाऊक असतात. ठिपक्यांच्या रांगोळीचा अंदाज इथे फार उपयोगी पडतो. आवारातले पेव्हर ब्लॉक म्हणजे आयते ठिपकेच, एका ब्लॉकची लांबी मोजून घेतली की प्रत्येक वेळी टेप काढावा लागत नाही.

सामानाचं थोडक्यात सांगतो. साधा पांढरा खडू भरपूर घ्या, रंगीत कमी पुरतात. खडबडीत जमिनीवर बारीक खडू मोडतात आणि झिजतात, त्याला उपाय म्हणजे घरी केलेले जाड खडू. दोन वाट्या प्लॅस्टर ऑफ पॅरिस, साधारण एक वाटी पाणी, दोन चमचे पोस्टर कलर. टिश्यूच्या रिकाम्या पुठ्ठ्याच्या नळ्या एका टोकाला बंद करून त्यात मिश्रण ओता आणि दोन दिवस वाळू द्या. ढवळणं मात्र मोठ्यांनीच करायचं, तेही नाक-तोंड झाकून. प्लॅस्टर घट्ट होताना तापतं, मुलांचे हात त्यात जाता कामा नयेत. उरलेलं बेसिनमध्ये ओतू नका, नळी कायमची बसेल. ज्या मुलांना दम्याचा त्रास आहे त्यांना खडू पाण्यात बुडवून द्या. भुकटी उडत नाही आणि रंगही उठून दिसतो. पावसाळ्यात स्टिल्टखालची जागा किंवा घरी पडून असलेला कडप्प्याचा तुकडा. कडप्प्यावर खडू जितका छान चालतो तितका विकतच्या फळ्यावर चालत नाही.

दहा वर्षांपुढच्या मुलांना प्राण्यांची चित्रं बाळबोध वाटायला लागतात. त्यांना खोली काढायला द्या. प्रमाण ठरवा: जमिनीवरचा एक फूट म्हणजे समुद्रातले दहा मीटर. मुंबईपासून दीडशेहून जास्त किलोमीटर आत असलेल्या मुंबई हाय तेलक्षेत्रापाशी पाणी साधारण ७५ मीटर खोल आहे, म्हणजे साडेसात फूट. इतकं आत जाऊनही एवढंच, याचंच मुलांना पहिलं नवल वाटतं. सूर्यप्रकाश जेमतेम पोचतो ते २०० मीटर म्हणजे वीस फूट, इथपर्यंत निळा खडू आणि पुढे काही नाही, नुसती काळी जमीन. पॅसिफिकमधली मारियाना गर्ता सुमारे ११ हजार मीटर. त्याचे होतात अकराशे फूट, म्हणजे तीनशेहून जास्त मीटर. रेघ सोसायटीच्या फाटकातून बाहेर पडते, रस्त्याला लागते आणि खडू संपतो. ती काढायचा प्रयत्न रहदारीच्या रस्त्यावर करू नका, फुटपाथवरून पावलं मोजत चाला.

याच वयाच्या मुलांना खडूबद्दलही विचारात पाडता येतं. नैसर्गिक खडू म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या समुद्रातल्या अतिसूक्ष्म एकपेशीय शेवाळांची चुनखडी कवचं, तळाशी साचून दगड झालेली. थॉमस हक्सले यांनी १८६८मध्ये इंग्लंडातल्या नॉरिचच्या कामगारांपुढे नुसत्या खडूच्या तुकड्यावर व्याख्यान दिलं होतं आणि ते आजही नावाजलं जातं. आपल्या बाजारातले पुष्कळसे खडू मात्र जिप्समचे असतात. आपला कुठला, हे ओळखायला स्वयंपाकघरातलं व्हिनेगर पुरतं. एका वाटीत शिंपल्याचा तुकडा टाका, बुडबुडे येतात, कारण त्यात कॅल्शियम कार्बोनेट असतं. दुसऱ्या वाटीत खडू टाका. बुडबुडे सतत येत राहिले तर तो चुनखडीचा, नाहीतर जिप्समचा.

चित्रांत एक चित्र आवाराच्या कडेला, पावसाच्या पाण्याच्या जाळीपाशी काढा. कॅनडात १९९१पासून मुलं रस्त्यावरच्या अशा जाळ्यांशेजारी पिवळा मासा रंगवतात, इथे पडलेलं पाणी माशापर्यंत जातं हे सांगायला. उपनगरांना तर ते जास्तच लागू आहे. बोरिवलीत दहिसर आणि पोईसर नद्या, अंधेरीकडे ओशिवरा, पवईहून निघून माहीमला जाणारी मिठी, मुलुंड-घाटकोपरचे नाले ठाणे खाडीत. मुलांना या नद्या नाले म्हणूनच माहीत आहेत. जाळीपासून समुद्रापर्यंतची आपल्या भागातली वाट नकाशावर शोधून ती खडूने काढायला द्या. चित्रं धुवायची वेळ येईल तेव्हाही हेच लक्षात ठेवा: आधी कोरड्या झाडूने भुकटी गोळा करून कचऱ्यात टाका आणि मग पाणी ओता.

एक चित्र निव्वळ सावधगिरीसाठी काढायचं. पावसाळ्यात जुहू, वर्सोवा, अक्सा या किनाऱ्यांवर निळ्या फुग्यांसारखे ब्लू बॉटल वाहून येतात. फुगा बोटभर, पण खालचे डंखाचे धागे काही मीटर लांब. निळ्या खडूने फुगा काढा आणि धागे टेपने मोजून लांबवर न्या. फुग्यापासून दूर उभं राहूनही डंख का बसतो, हे मुलाला त्या लांबीवरून पटतं. वाळूवर मेलेला पडलेला असला तरी हात लावायचा नाही. डंख बसला तर चोळायचं नाही, समुद्राच्याच पाण्याने धुवायचं आणि डॉक्टर गाठायचा.

इतकं झालं की मुलं खरा किनारा मागतात, आणि मग न्यायलाच हवं. वेळ ओहोटीची हवी. कोकणात तिथीच्या पाऊणपटीचा हिशोब करतात: पंचमीला पाच गुणिले पाऊण, म्हणजे पावणेचारच्या सुमारास भरती, अष्टमीला सहाच्या सुमारास. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. अर्धा-एक तास इकडेतिकडे होतो, म्हणून छापील वेळापत्रकाशी ताडून बघा. हा गुणाकार मुलांकडूनच करून घ्या, कालनिर्णय हाताशी असतंच. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास पाणी सर्वांत मागे जातं आणि ओहोटी सकाळ-संध्याकाळी पाच-सहाच्या सुमारास येते. मोठ्या उधाणाला भरती-ओहोटीतला फरक चार मीटरांहून जास्त असतो. आपल्या इमारतीच्या खांबावर मोजलंत तर ते स्टिल्टचं छत ओलांडून पहिल्या मजल्याच्या खिडकीपाशी जातं.

जुहू कोळीवाड्याजवळच्या खडकाळ भागात ओहोटीला समुद्रफुलं, शंखांत राहणारे हर्मिट खेकडे, गोगलगायींचे प्रकार दिसतात. वाळूच्या भागात मोहरीपेक्षा थोड्या मोठ्या वाळूच्या गोळ्यांची नक्षी दिसेल. ती बारीक खेकडे करतात, वाळूतलं खाणं चाखून उरलेली वाळू गोळी करून टाकतात आणि पुढची भरती ती पुसते. पहिल्यांदा जाताना माहीतगार माणूस बरोबर असावा. ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ हा गट २०१७पासून असे किनारे दाखवत आला आहे. प्रदीप पाताडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो सुरू केला, त्यांच्या फेरीत नाव नोंदवा. खडक उचलून बघितला तर होता तसाच परत ठेवा. शंकूच्या आकाराचा शंख जिवंत असेल तर विषारी डंख मारतो, त्याला कुणीच हात लावू नये. आणि रिकामे शंखही पिशवीत भरून घरी आणू नका. हर्मिट खेकडा वाढला की त्याला मोठं घर लागतं आणि ते तो स्वतः बनवू शकत नाही.